फायावे काय म्हणाली?

हर्मन मेलव्हिलच्या ‘टायपी’मध्ये (१८४६) एक प्रसिद्ध दृश्य आहे. बेटावरची फायावे होडीत उभी राहते, अंगावरचं वस्त्र सोडते, दोन्ही हातांनी वाऱ्यात धरते. तिचंच शीड होतं, होडी सुटते. देखणं दृश्य आहे, खोटं कशाला बोलू. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मात्र ही मुलगी अख्ख्या पुस्तकात बोलते काय, हे शोधायला बसले. जवळजवळ काहीच नाही. तिचे डोळे बोलतात, हुंदके बोलतात.

बोलणार तरी कशी? नायकाला तिची भाषा धड येतच नाही. मेलव्हिल स्वतः १८४२मध्ये व्हेलच्या शिकारीवरच्या जहाजातून पळून मार्केसस बेटांपैकी नुकु हिवावर पोचला. तिथे राहिला जेमतेम महिनाभर. पुस्तकात त्याचे चार महिने झाले. तरी त्याच्यावर सरसकट चिडता येत नाही. मिशनरी आणि फ्रेंच आरमार या माणसांचं काय करतायत, हे त्याने तेव्हाच सुनावलं होतं. अमेरिकन प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीत मिशनऱ्यांवरची बरीचशी टीका कापली. फायावे राहिली.

पिएर लोतीला मी एवढी सूट देणार नाही. १८८०च्या त्याच्या कादंबरीत ताहितीची किशोरवयीन राराहू आहे. नायक आरमारी अधिकारी. जहाज निघालं की तोही निघतो. राराहू मागे झुरून मरते आणि वाचकाने हळहळायचं. म्हणजे परतीचं जहाज नेहमी त्याच्याकडे, मरण तिच्याकडे! हेच पुस्तक वाचलेला चित्रकार गोगँ १८९१मध्ये ताहितीत उतरला. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. तिथे त्याने केलेली ‘बायको’ तेहामाना सुमारे १३ वर्षांची. ‘नोआ नोआ’ या त्याच्या पुस्तकात ती सुगंधी गूढ आहे. शाळकरी वयाच्या मुलीला गूढ म्हटलं की पुढचे प्रश्न टळतात.

मग मी सामोआच्या सिया फिगेलची ‘व्हेअर वी वन्स बिलाँग्ड’ (१९९६) उघडली. इथे आलोफा आणि तिच्या मैत्रिणी बोलायच्या थांबतच नाहीत. टीव्ही बघतात, शिव्या घालतात, चहाड्या करतात, घरच्यांचा मार खातात. समुद्र आहे, पण बघत बसायला कुणाला वेळ नाही. मार्गारेट मीड या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९२८मध्ये सामोअन मुलींच्या मोकळ्या प्रेमजीवनावर लिहिलं, त्याचीही या कादंबरीत टिंगल होते. ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं, त्याच ती करतात. काही पानं वाचवत नाहीत इतकी हिंसा आहे. होडीतलं ते दृश्य मला अजूनही आवडतं. फक्त आता त्यात एक आवाज ऐकू येतो: हात दुखले, आता तू धर.