चाहत्यांची मागणी आणि कलावंताचा बदलण्याचा हक्क

एखाद्या कलावंतावर प्रेम करणारी चार माणसे एकत्र आली की त्याच्या कृतींची तुलना सुरू होते. रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये तर हा वाद कधी संपतच नाही. अमुक बँडचा सर्वांत चांगला अल्बम कोणता? पहिला की तिसरा? शेवटचा थोर की फसलेला? वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. परंतु माणसे आपल्या आवडीची कारणे सांगू लागतात तेव्हा ती नकळत समीक्षाच करीत असतात, आणि त्या कारणांमागे एक मूल्यव्यवस्था उभी असते. कलावंताकडून आपण काय मागतो, हे त्या तुलनेतून उघड होते. म्हणून हा वाद तपासण्यासारखा आहे. त्यासाठी मी अमेरिकेतील फुगाझी या बँडचे उदाहरण घेतो.

या संगीताशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. फुगाझी हा वॉशिंग्टन शहरातील चौघांचा बँड. इयन मकाय आणि गी पिचोटो गाणारे व गिटार वाजविणारे, जो लॅली बास गिटारवर, ब्रेंडन कॅन्टी ड्रमवर. १९८७ साली त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचे नाव व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या रांगड्या बोलीतून घेतलेले आहे. त्यांच्या सर्व ध्वनिमुद्रिका डिस्कॉर्ड या छोट्या संस्थेने काढल्या. ती १९८० साली मकाय आणि त्याच्या मित्रांनी स्वतःच उभी केली होती. कार्यक्रमाचे तिकीट शक्य तेथे पाच डॉलर ठेवायचे, कोणत्याही वयाच्या माणसाला आत येऊ द्यायचे, अल्बमच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमत छापायची म्हणजे दुकानदार जादा घेणार नाही, बँडच्या नावाचे सदरे विकायचे नाहीत, असे त्यांचे नियम होते. सदरे काढायचे त्यांनी नाकारले तेव्हा कोणीतरी ‘हा फुगाझीचा सदरा नाही’ असे छापलेले सदरे विकायला काढले! नकाराचाही माल करून विकण्याची बाजाराची ताकद केवढी असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९८८ व १९८९ मधील दोन छोट्या तबकड्या एकत्र करून ‘थर्टीन साँग्ज’ हा संग्रह १९८९ साली निघाला. त्यानंतर सहा अल्बम आले: ‘रिपीटर’ (१९९०), ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ (१९९१), ‘इन ऑन द किल टेकर’ (१९९३), ‘रेड मेडिसिन’ (१९९५), ‘एंड हिट्स’ (१९९८) आणि ‘द आर्ग्युमेंट’ (२००१). २००२ च्या अखेरीस लंडनमध्ये कार्यक्रम झाल्यानंतर बँड थांबला. आपण फुटलो असे त्यांनी कधी जाहीर केले नाही. चाहत्यांचा सारा वाद या सात तबकड्यांभोवती फिरतो.

या वादात स्थूलमानाने दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाला ‘थर्टीन साँग्ज’ आणि ‘रिपीटर’ हीच खरी फुगाझी वाटते. तेथे घोषणा आहे, सभागृहाने एका आवाजात म्हणावे असे धृपद आहे, उपभोगवृत्तीवर सरळ हल्ला आहे. या पक्षाच्या मते नंतर बँड हुशार झाला, पण थंड पडला. दुसऱ्या पक्षाला ‘रेड मेडिसिन’ किंवा ‘द आर्ग्युमेंट’ श्रेष्ठ वाटतात. त्यांच्या मते आरंभीचा काळ हा तारुण्यातील आरडाओरडा होता. कला आली ती नंतर, राग निवल्यावर. दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडतात, परंतु दोघांचे गृहीतक एकच आहे. राग आणि कला एका ठिकाणी नांदू शकत नाहीत, एक वाढली की दुसरी घटते, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतक या तबकड्यांवर टिकते काय?

आधी पहिला काळ पाहू. ‘थर्टीन साँग्ज’मधील ‘वेटिंग रूम’ हे गाणे लॅलीच्या एकट्या बासने सुरू होते, सगळी वाद्ये जमू लागतात आणि अचानक सर्व काही थांबते. त्या शांततेचे माप इतके नेमके आहे की ऐकणारा श्वास रोखतो. जमैकाच्या रेगे आणि डब संगीतातून आलेली ही जागा सोडण्याची कला आहे. नुसत्या रागाने हे साधत नाही. आरंभीच्या तबकड्यांत पिचोटो मुख्यतः गात असे. त्याची गिटार ‘रिपीटर’पासून आली आणि दोन गिटारींचा परस्परांना छेद देणारा संवाद सुरू झाला. म्हणजे ज्याला चाहते निव्वळ आवेग म्हणतात त्या अल्बममध्येच रचनेचा मोठा प्रयोग झालेला आहे. तो राग शिस्तीचा आहे.

आता शेवटचा काळ. ‘द आर्ग्युमेंट’मध्ये सेलो आहे, जागोजागी दुसरा ड्रमवादक आहे, हलका आवाज आहे. पण त्यातील ‘कॅशआउट’ हे गाणे कशाविषयी आहे? शहराच्या सुधारणेच्या नावाखाली भाडेकरूंना घराबाहेर काढणाऱ्या व्यवहाराविषयी आहे. ते हळू सुरू होते, जणू हिशेबाची वही वाचली जात आहे. माणसाला घराबाहेर काढण्याचे काम ओरडून होत नाही. ते कागदावर, सभ्य भाषेत होते. म्हणून गाण्यानेही तो सभ्य सूर आधी घेतला आणि नंतर फोडला. येथे राग निवलेला नाही. त्याने आपल्या विषयाला साजेसा आवाज शोधला आहे. त्यामुळे ‘राग निवल्यावर कला’ हा सिद्धांत येथे कोसळतो.

मग चाहत्यांना फरक जाणवतो तो काय? फरक आहेच. ‘रेड मेडिसिन’मध्ये क्लॅरिनेट वाजते, खोलीतले आवाज येतात, लॅली पहिल्यांदा गातो. बँड बदलला हे निर्विवाद आहे. प्रश्न असा की तो कोणासाठी बदलला?

येथे फुगाझीचे वेगळेपण ध्यानात येते. त्या काळच्या इतर स्वतंत्र बँडविषयी चाहते तुलना करतात तेव्हा एक सोपी रेघ हाताशी असते: मोठ्या कंपनीकडे जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर. हुस्कर डू वॉर्नरकडे गेला, आर. ई. एम. १९८८ मध्ये वॉर्नरकडे गेला, सॉनिक यूथ १९९० मध्ये गेफनकडे गेला. नंतरचा अल्बम आवडला नाही की कंपनीने बिघडविला म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. १९९१ साली निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ अफाट खपल्यावर मोठ्या कंपन्या अशा बँडच्या शोधात धावत सुटल्या. फुगाझीलाही बोलावणे आले. १९९३ मध्ये अटलांटिकचे प्रमुख अहमेट एर्टेगन स्वतः भेटायला गेले होते, हे प्रसिद्ध आहे. बँडने नकार दिला. परिणामी त्यांच्या सातही तबकड्या एकाच व्यवस्थेत जन्मल्या. मालक तेच, कारागीर तेच. कंपनीला दोष देण्याची सोय चाहत्यांना उरत नाही. येथील प्रत्येक वळण कलावंतांचे स्वतःचे आहे, म्हणून येथे संगीताविषयीच बोलावे लागते. स्वतःचे साधन हातात असणे म्हणजे केवळ पैशाची सचोटी नव्हे. बदलण्याचा हक्क त्यातून मिळतो. आणि चुकण्याचाही.

‘इन ऑन द किल टेकर’ची कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९९२ मध्ये बँडने स्टीव्ह अल्बिनीकडे, शिकागोला, ही गाणी ध्वनिमुद्रित केली. अल्बिनीचे नाव मोठे होते. परंतु ऐकल्यावर ते काम उतरले नाही असे दोन्ही बाजूंना वाटले. बँडने ते बाजूला ठेवून आपल्या गावाजवळ इनर इअर स्टुडिओत सगळे पुन्हा केले. वेळापत्रक लादणारा मालक नव्हता, म्हणून हे शक्य झाले.

‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ला चाहत्यांच्या तुलनेत बहुधा सावत्र वागणूक मिळते. बँडने तो स्वतःच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित केला, त्याचा आवाज कोरडा व चपटा वाटतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण चाहते बहुधा आवाजापाशी थांबतात. स्त्रीच्या स्वतःच्या शरीरावरील हक्काविषयीचे ‘रिक्लमेशन’ आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निवृत्तीनंतरच्या अस्वस्थतेतून आलेले ‘डिअर जस्टिस लेटर’ याच अल्बममध्ये आहेत. एका न्यायमूर्तीच्या जाण्याने सामान्यांचे हक्क डळमळू शकतात, हे १९९१ साली गाण्यात मांडले गेले. ब्रेनन ज्या बहुमतात होते तो १९७३ चा गर्भपाताच्या हक्काचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केला. आज हा कोरडा अल्बम ऐकताना त्याचा कोरडेपणा मला वेगळा वाटतो. श्रवणसुख हा निकष आहे, पण एकमेव निकष नाही.

आता चाहत्यांच्या मागणीकडे वळू. पहिल्या पक्षाला जुना राग हवा असतो. हा राग सभागृहात कसा उपभोगला जात होता? पुढच्या रांगांत धक्काबुक्की, एकमेकांच्या अंगावर उड्या. त्यात बळकट तरुण टिकत, मुली आणि लहान वयाची मुले मागे ढकलली जात. फुगाझी गाणे मध्येच थांबवीत, दांडगाई करणाऱ्याला समजावीत, आणि ऐकले नाही तर त्याचे पाच डॉलर परत करून त्याला बाहेर पाठवीत. पुष्कळांना हे उपदेशाचे वाटे. परंतु दार सर्वांना उघडे ठेवायचे आणि आत दांडग्यांचे राज्य चालू द्यायचे, तर दार उघडे ठेवण्याला अर्थ काय? तुम्ही असेच ओरडा, म्हणजे आम्हाला असेच उसळता येईल, ही चाहत्यांची मागणी कंपनीच्या मागणीहून वेगळी नाही. दोघांनाही ठरलेला माल हवा आहे. बँडने कंपनीला नकार दिला हे सगळे चाहते अभिमानाने सांगतात; बँडने आपल्यालाही नकार दिला, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते ‘रेड मेडिसिन’ हा तो दुसरा नकार आहे, आणि म्हणून सातांत मी त्याला प्रथम स्थान देतो.

गौरव करताना मर्यादाही सांगितली पाहिजे. हे चौघे गोरे पुरुष. त्यांचे शहर त्या काळी बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे. तेथील पंक संगीताने वेग आणि नेमकेपणा बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीयांच्या बँडकडून शिकून घेतला. फुगाझीच्या बासमागे जमैका आहे. चाहत्यांच्या तुलनेत हे ऋण क्वचितच मोजले जाते. तसेच ‘सजेशन’ या गाण्यात मकाय रस्त्यात स्त्रीला सोसाव्या लागणाऱ्या नजरेविषयी स्त्रीच्याच तोंडून, प्रथमपुरुषी बोलतो. हेतू शुद्ध आहे. तरी न भोगलेल्या वेदनेचा ‘मी’ कोणी उच्चारावा, हा प्रश्न उरतोच. याउलट ‘स्मॉलपॉक्स चॅम्पियन’मध्ये देवीच्या रोगाचे शस्त्र करून मूळ रहिवाशांचा संहार करणाऱ्या सत्तेवर रोख आहे, तेथे हे गोरे गायक पीडिताची जागा बळकावीत नाहीत, आपल्याच पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. मला ही भूमिका अधिक प्रामाणिक वाटते. मोठ्या कंपनीला नकार देण्याची ताकद केवळ तत्त्वातून येत नाही. पाठीशी काही आधार असावा लागतो. हे म्हटल्याने त्यांचा नकार लहान होत नाही, त्याचे माप नीट कळते.

तिकिटाची किंमत, दार, वेष्टनावर छापलेला दर हे कलाबाह्य प्रश्न आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. ज्या घरांत माझ्या पिढीने पहिल्यांदा पदवीचा कागद आणला, तेथे पुस्तकाची किंमत कधीच पुस्तकाबाहेरची गोष्ट नव्हती. कृती कोणापर्यंत पोहोचू शकते हे तिच्या अर्थाचाच भाग असते. २०११ पासून फुगाझीने आपल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे लोकांसाठी खुली करायला सुरुवात केली; सुचविलेली किंमत तीच, पाच डॉलर. त्यामुळे सात तबकड्यांच्या वादाला नवे प्रमाण मिळाले. एकच गाणे १९८८ मध्ये कसे होते आणि २००२ मध्ये कसे झाले, हे कोणालाही ताडून पाहता येते. जुनी गाणीही बदलत राहिली होती, हे त्यातून दिसते. जुनी फुगाझी आणि नवी फुगाझी अशी भिंत कार्यक्रमात नव्हतीच. ती चाहत्यांच्या मनात होती.

आपल्या वाचकांना ‘आधी विद्रोह, मग कला’ ही भाषा परकी नाही. आपल्या लेखकांनाही ती ऐकविली गेली आहे. प्रस्थापितांनी म्हटले, राग आवरा म्हणजे कलावंत व्हाल. आणि लेखक नव्या वाटेने गेला की आपल्यातलेच म्हणाले, याची धार गेली. वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या नियतकालिकाला बाहेरच्या मालकाला नाही म्हणणे जमते. स्वतःच्या वाचकाला नाही म्हणणे अधिक कठीण असते. आपला आवडता कवी, आपला आवडता गायक पुढच्या वेळी वेगळ्या आवाजात बोलला, तर त्याचा जुना आवाज आठवून हळहळण्यापूर्वी एवढे विचारावे: तो कोणाच्या सांगण्यावरून बदलला? उत्तर ‘स्वतःच्या’ असे असेल, तर तो नवा आवाज शेवटपर्यंत ऐकून घेणे हे आपले काम आहे.