आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीतील विलंब आणि संसदीय देखरेख : एक चिकित्सा

प्रस्तावना :
देवळा तालुक्यातील उन्हाळ कांद्याचे शेतकरी निवडक कांदे पुन्हा लावून डोंगळे घेतात, त्याचे बी पुढील हंगामासाठी राखतात आणि प्रसंगी आप्तेष्टांनाही देतात. उद्या एखादे संरक्षित वाण याच शेतात आले तर हा व्यवहार वैध राहील की नाही, हा प्रश्न वरवर स्थानिक वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर जागतिक व्यापार संघटनेचा करार आणि भारतीय संसद यांच्या परस्परसंबंधात दडलेले आहे. त्या संबंधातील विलंबाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटनात्मक चौकट :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७३ नुसार करार करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळ वापरते. करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ ने संसदेस दिला आहे. म्हणजेच वचन शासन देते आणि त्याची पूर्तता मात्र संसदेने करावयाची असते. कराराला संसदेची पूर्वसंमती अनिवार्य नाही. त्यामुळे संसदेचा पहिला खरा हस्तक्षेप कायद्याच्या टप्प्यावर होतो आणि त्या वेळी मुदतीचे घड्याळ आधीच सुरू झालेले असते.

पेटंट कायद्याचा अनुभव :
'ट्रिप्स' या नावाने ओळखला जाणारा बौद्धिक संपदाविषयक करार १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. औषधे व कृषिरसायने यांच्या उत्पादन पेटंटसाठी भारतास २००५ पर्यंत सवलत होती. परंतु अर्ज स्वीकारण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून आवश्यक होती. शासनाने ३१ डिसेंबर १९९४ रोजी वटहुकूम काढला. पुढे विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेले आणि १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने रद्द ठरले. दरम्यान शासनाने प्रशासकीय सूचनांच्या आधारे अर्ज स्वीकारणे चालू ठेवले. औषध क्षेत्रातील ८९३ अर्ज आल्याची माहिती २ ऑगस्ट १९९६ रोजी लोकसभेत लेखी उत्तराद्वारे देण्यात आली. अमेरिकेच्या तक्रारीवर जिनिव्हा येथे सुनावणी झाली, तेव्हा भारताने हेच उत्तर आधार म्हणून मांडले. मात्र त्या सूचनांचा मजकूर सादर झाला नाही. अशा सूचनांना भक्कम कायदेशीर पाया नाही, असा निर्णय अपील मंडळाने डिसेंबर १९९७ मध्ये दिला. अखेर मार्च १९९९ मध्ये दुरुस्ती कायदा झाला.

या पराभवाचे खापर अनेकदा संसदेवर फोडले जाते. ते अर्धसत्य आहे. राज्यसभेने विधेयक अडविले ते उघडपणे, कारणे देऊन. त्यानंतर काढलेला प्रशासकीय मार्ग मात्र संसदेच्या तपासणीबाहेर राहिला. प्रश्नोत्तरातून अर्जांची संख्या कळली. त्यामागील कायदेशीर आधार तपासला गेला नाही.

विलंबाचे दोन प्रकार :
वनस्पती वाणांच्या कायद्याचा इतिहास हा भेद अधिक स्पष्ट करतो. ट्रिप्सच्या अनुच्छेद २७ नुसार वाणांचे संरक्षण पेटंटने किंवा स्वतंत्र परिणामकारक पद्धतीने करावयाचे होते व त्यासाठी १ जानेवारी २००० ही मुदत होती. डिसेंबर १९९९ मध्ये मांडलेले विधेयक साहिबसिंग वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले. कायदा २००१ मध्ये झाला, म्हणजे मुदत टळली. तथापि याच काळात शेतकरी हक्कांची तरतूद बळकट झाली. कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचे बियाणे राखणे, पेरणे, अदलाबदल करणे व विकणे शेतकऱ्यास शक्य झाले. केवळ नाममुद्रेच्या वेष्टनात विकण्यास मनाई राहिली. हा विलंब फलदायी होता.

त्यानंतरचा विलंब मात्र निराळा आहे. कायद्याखालील प्राधिकरण नोव्हेंबर २००५ मध्ये स्थापन झाले. चार वर्षे हक्क कागदावर होते आणि ते बजावणारी यंत्रणा नव्हती. पहिल्या विलंबाचे कारण सभागृहाच्या कामकाजात सापडते. दुसऱ्याचे उत्तर सभागृहात देणे कोणावरही बंधनकारक नव्हते. उपविधान समिती नियम-विनियम तपासते. आश्वासन समिती मंत्र्याने दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करते. आश्वासनच दिले नसेल तर ती हतबल ठरते.

युरोपीय संघात सदस्य राष्ट्राने निदेश मुदतीत अमलात न आणल्यास आयोग न्यायालयात जातो व दंडही होऊ शकतो. भारतावर अशी संघीय सत्ता नाही. म्हणून देशांतर्गत देखरेखीचे महत्त्व येथे अधिक आहे. करार करण्याच्या अधिकाराचे नियमन कायद्याने व्हावे, अशी शिफारस संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये केली होती.

निष्कर्ष :
संसदीय देखरेखीचा निकष केवळ वेग असू शकत नाही. घाईने आलेल्या विधेयकात कलम ३९ आजच्या स्वरूपात आले नसते. विलंब कोणी केला, कोणत्या कारणाने केला आणि त्याची नोंद सभागृहात झाली का, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात. करारातील प्रत्येक मुदत, तिच्यासाठी प्रस्तावित कायदा आणि कायदा झाल्यावर तो अमलात येण्याचा दिनांक यांचे विवरण ठरावीक काळाने सभागृहापुढे ठेवणे शासनावर बंधनकारक व्हावे. त्याखेरीज विचारपूर्वक घेतलेला वेळ आणि निष्क्रियतेत गेलेला वेळ वेगळे करता येणार नाहीत. आणि डोंगळ्याचे बी राखणाऱ्या शेतकऱ्याला आपला हक्क नेमका कोठे अडला आहे, हेही कळणार नाही.