बबड्याचा राग

२२ जुलै २०१९ रोजी झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली. रात्री साडेआठची ही वेळ त्याआधी 'तुला पाहते रे'ची होती. प्रौढ, श्रीमंत विक्रांत सरंजामे आणि त्याच्या जवळपास निम्म्या वयाची ईशा निमकर यांच्या प्रेमावरून तेव्हा घरोघर वाद झाले होते. त्याच वेळेला आता आसावरी कुलकर्णी आली. नवरा कधीच गेलेला, घरात करारी सासरे आणि लाडावलेला तरुण मुलगा, आणि स्वतःचं म्हणावं असं जग स्वयंपाकघरापुरतं. तिचं लग्न लावून देण्याचा घाट घातला तो सुनेने. सून सासूची पाठराखीण होते, ही कल्पनाच मुळात चक्रम होती आणि मालिकेची सगळी गंमत तिच्यात होती. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान आणि रवी पटवर्धन यांनी ती गंमत बराच काळ तोलून धरली.

या मालिकेवर प्रेक्षकांचे तट पडले, पण ते अपेक्षित जागी पडले नाहीत. 'या वयात लग्न कशाला?' हा सूर सुरुवातीला निघाला आणि फार टिकला नाही. २०२०च्या सुरुवातीला आसावरी आणि अभिजित राजे यांचं लग्न लागलं, तेव्हा मुलुंडच्या वाचनालयात किंवा बोरिवलीच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्याचं कौतुकच अधिक ऐकू येई. खरं भांडण पेटलं ते सोहमवरून, म्हणजे बबड्यावरून. आयतं खाणारा, आईला राबवणारा, बायकोशी खोटं बोलणारा हा मुलगा आणि त्याच्या प्रत्येक चुकीवर पदर घालणारी आसावरी. एका तटाचं म्हणणं असं की ही बाई इतकी भाबडी दाखवणं हा प्रेक्षकांचा छळ आहे, मालिका नुसती ताणली आहे. दुसरा तट म्हणे, आमच्या मजल्यावर असे दोन बबडे आहेत, तुम्ही दार उघडून बघा. 'बबड्या' हे सामान्यनाम झालं. २०२० मध्ये परीक्षांवरून पेटलेल्या वादातल्या राजकीय टोमण्यांतही ते शिरलं.

माझ्या मते ही दोन भांडणं वेगळी नाहीत. बबड्यावरचा वाद हाच पुनर्विवाहावरचा वाद होता, फक्त तो नाव बदलून आला होता. हे पटायला थोडं मागे जावं लागेल.

विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या लग्नापायी मुरुडच्या समाजाने कर्व्यांना वाळीत टाकलं. हे आपण शाळेत शिकलो. पण त्या चळवळीच्या डोळ्यांसमोरची विधवा प्रामुख्याने बालविधवा होती, संसार न पाहिलेली मुलगी. तिच्याविषयी करुणा वाटणं सुधारकाला सोपं जाई, कारण तिच्या पदरात मूल नसे. देवलांच्या 'शारदा'त (१८९९) अन्याय होतो तोही म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीवरच. कर्त्या मुलाची आई पुन्हा बोहल्यावर चढेल, हा प्रश्न त्या चित्रात जवळजवळ नव्हताच. म्हणून 'अग्गंबाई'ची आसावरी ही गोदूबाईंची वारस दिसत असली, तरी तिचा विरोधक नवा आहे. गोदूबाईंच्या वाटेत शास्त्री आणि जात उभी होती. आसावरीच्या वाटेत उभा आहे तो तिचा मुलगा.

मालिकेला हे नेमकं कळलं होतं. सुरुवातीला विरोध करणारे दोघे, आजोबा आणि बबड्या. आजोबा म्हणजे जुनी रूढी. ते ओरडतात, 'कोंबडीच्या' म्हणून नातवाला झोडपतात आणि शेवटी विरघळतात. रवी पटवर्धनांनी त्यांना इतकं लोभस केलं की रूढी हरली याचा आनंद आणि तिच्याविषयीची माया एकाच वेळी वाटे. (डिसेंबर २०२०मध्ये पटवर्धन गेले आणि मालिकेतला मोठा आवाज गेला.) बबड्या मात्र विरघळत नाही. त्याला धर्माची फिकीर नाही. त्याला आई हवी आहे, म्हणजे गरम पोळी, इस्त्रीचे कपडे आणि हाकेला ओ.

इथपर्यंत मालिका धीट आहे. पुढे ती पळवाट काढते. विरोध करणारा मुलगा आळशी आणि लबाड दाखवला की प्रेक्षकाला स्वतःकडे बघावं लागत नाही. घाटकोपरला दोन खोल्यांच्या घरात राहणारा, आईवर जीव असलेला, तरीही तिच्या लग्नाच्या कल्पनेने अस्वस्थ होणारा सरळमार्गी मुलगा तिथे हवा होता. त्याची भीती बऱ्याचदा फ्लॅट कुणाच्या नावावर, इथून सुरू होते आणि ती अगदीच पोकळ नाही. १८५६च्या कायद्याने लग्नाचा हक्क देताना पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क काढून घेतला होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून तिच्या वाट्याला आलेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली आणि पुन्हा लग्न केलं तरी ती तिचीच राहते. मुलाला नेमकं हेच टोचतं. दुसरीकडे, नवरा केंद्र सरकारी नोकरीत असेल आणि मुलं असतील, तर पुनर्विवाहानंतर तिचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. पुण्यात माधव दामल्यांनी ज्येष्ठांसाठी लग्नाऐवजी लिव्ह-इनचं मंडळ काढलं, त्यामागे असेच व्यवहार आहेत. अशा हिशेबांतून किती चांगलं, कडू-गोड नाट्य निघालं असतं! पण अभिजित राजे हा नामवंत शेफ आहे, पैशाला तोटा नाही, त्यामुळे हिशेब मांडायची वेळच येत नाही.

राजेचा व्यवसायही सहज निवडलेला नाही. आसावरीची ओळख तिच्या हातच्या चवीची, म्हणून तिला मिळणारा जोडीदारही स्वयंपाकघरातूनच येतो. ही कल्पना गोड आहे, मी ती आवडीने पाहिली. नवरा पदार्थ करून बायकोपुढे ताट ठेवतो, हे मराठी पडद्यावर वारंवार दिसत नाही. पण ज्या ओट्यापाशी ती राबली, तिथूनच तिची सुटका झाली, त्यामुळे ओटा कुणाचा हा प्रश्न तसाच राहिला.

'भाबडी' म्हणून चिडलेल्या प्रेक्षकांचं म्हणूनच मला अर्धंच पटतं. आसावरीचं भाबडेपण खोटं नव्हतं. अनेक वर्षं नकार देण्याची सवयच नसलेली बाई लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला नकार देईल, असं मानणं अधिक खोटं. खोटं होतं ते त्याच प्रसंगाचं वळसे घेत राहणं: बबड्या फसवतो, शुभ्रा पकडते, आई माफ करते. रोज एक भाग द्यायचा तर एवढ्यावर भागत नाही.

त्याची किंमत मार्च २०२१मध्ये कळली. 'अग्गंबाई सूनबाई' या नावाने कथा पुढे सरकली तेव्हा शुभ्राच्या भूमिकेत उमा पेंढारकर आली, सोहमच्या भूमिकेत अद्वैत दादरकर आला. आसावरी आता मोठा व्यवसाय सांभाळणारी, ठाम बाई झाली होती. आणि जिने सासूचं लग्न लावून दिलं, आजोबांना उत्तर दिलं, नवऱ्याच्या लबाड्या उघड्या पाडल्या, ती शुभ्रा मूल झाल्यावर बिचकणारी, आत्मविश्वास हरवलेली गृहिणी झाली. प्रेक्षक नवी अभिनेत्री आल्याने नाराज झाले असं तेव्हा म्हटलं गेलं. पेंढारकरचा त्यात दोष नव्हता. सासूने उतरवून ठेवलेलं गप्प राहणं, सासूच्या पाटल्या सुनेकडे याव्यात तसं शुभ्राच्या हाती आलं होतं आणि सोहम तोच होता.