असहमतीची परंपरा आणि कागदांचे मौन

इतिहासकाराने दप्तरखान्यात बसावे, रस्त्यावरच्या गोष्टींत पडू नये, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. धर्मगुरूविषयीही तो वर्ग हेच म्हणतो. फक्त दप्तरखान्याच्या जागी वेदी येते. त्यामुळे रोमिला थापर यांचा ‘व्हॉइसेस ऑफ डिसेंट’ हा २०२० साली प्रसिद्ध झालेला निबंध आम्ही हाती घेतला, तेव्हा त्यात आमचाही थोडा स्वार्थ होता, हे आरंभीच कबूल करणे बरे.

थापर यांचा परिचय थोडक्यात पुरे. १९३१ सालचा जन्म, लंडन येथे ए. एल. बाशम यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट, १९६१ साली अशोक व मौर्यांच्या ऱ्हासावरचा ग्रंथ, पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यापन. पद्मभूषण हा किताब त्यांनी दोनदा नाकारला. २००८ सालचे क्लूगे पारितोषिक त्यांना पीटर ब्राऊन यांच्यासमवेत विभागून मिळाले. संत ऑगस्टीनचे चरित्र लिहिणारे हेच ते ब्राऊन. सेमिनरीत त्या चरित्राची पाने उलटलेल्या आमच्यासारख्या वाचकाला ही जोडी पाहून गंमत वाटली.

निबंधाचा मुख्य मुद्दा असा की, असहमती ही पश्चिमेकडून आयात झालेली वस्तू नाही. वैदिक काळात ‘दासीपुत्र’ म्हणून यज्ञातून हाकललेला आणि पुढे ऋषी म्हणून मान्यता पावलेला कवष ऐलूष असो, वेदप्रामाण्य नाकारणारे बौद्ध, जैन, आजीवक हे श्रमण असोत, की मध्ययुगातील भक्तिसंत व सूफी असोत. प्रस्थापिताला प्रश्न विचारणारा कोणीतरी या भूमीवर प्रत्येक युगात उभा राहिला आहे. संन्याशाला सत्ता नसते, धन नसते. पण त्याग केल्यामुळे त्याच्या शब्दाला एक नैतिक वजन येते. गांधीजींच्या सत्याग्रहाला सामान्य माणसाने जो प्रतिसाद दिला त्याचे मूळ लेखिका या जुन्या संस्कारात शोधतात, आणि तेथून त्या डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या शाहीनबागेच्या स्त्रियांपर्यंत येतात. नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरुद्ध मार्च २०२० पर्यंत त्या स्त्रिया दिल्लीच्या थंडीत बसून राहिल्या होत्या.

मराठी वाचकाला हा धागा पटायला फार प्रयास पडू नयेत. ‘धरणे’ हा शब्दच पाहा. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसे, पगार थकलेले शिपाई सरदाराच्या तंबूपुढे बसत, त्याला धरणे म्हणत. आपण उपाशी राहायचे आणि समोरच्याच्या घासात खडा यावा अशी व्यवस्था करायची! आज तहसील कचेरीसमोर सतरंजी अंथरून बसणाऱ्याला आपण किती जुन्या जागी बसलो आहोत याची कल्पनाही नसेल.

इथवर आम्ही लेखिकेच्या सोबत आहोत. त्यापुढे मात्र दोन ठिकाणी पाऊल अडते.

पहिले असे की, श्रमणाच्या त्यागाने समाजावर काय परिणाम केला हे त्या उत्तम सांगतात. पण तो त्याग त्याने कशासाठी केला हा प्रश्न त्यांच्या विवेचनाच्या कडेला राहतो. श्रद्धा ही त्यांच्या लेखी प्रामुख्याने एक सामाजिक शक्ती आहे. इतिहासकाराच्या शिस्तीत एवढेच बसते हे आम्हांला मान्य आहे. तरीही आमोस संदेष्ट्याचा प्रसंग आठवतो. मेंढरांमागून उठून तो बेथेलला आला आणि गरिबांच्या पिळवणुकीवर बोलू लागला. तेव्हा त्याला ‘हे राजाचे पवित्रस्थान आहे, येथे बोलू नकोस’ अशा अर्थाचे बजावणारा अमस्या हा स्वतः याजक होता. दोघेही एकाच देवाचे नाव घेत होते. कोणाची असहमती खरी आणि कोणाची निष्ठा पगारी, हे केवळ सामाजिक परिणाम मोजून ठरवता येत नाही. शिवाय १९९२ साली अयोध्येत जे घडले, त्यालाही घडवणाऱ्यांनी आंदोलनच म्हटले होते. लेखिकेचा भर अहिंसक विरोधावर आहे हे खरे. पण विरोधाला विरोध म्हणून मान द्यायचा तर त्याची कसोटी अधिक सविस्तर मांडायला हवी होती.

दुसरा मुद्दा आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी त्यांच्या २००४ सालच्या सोमनाथावरील ग्रंथाकडे वळावे लागते. १०२६ साली गझनीच्या महमुदाने सोमनाथावर केलेली स्वारी त्या नाकारत नाहीत. त्यांचे टीकाकार पुष्कळदा पुस्तक न उघडताच तसे म्हणतात, ते सोडून देऊ. थापर इतकेच करतात की फारसी तवारिखा, संस्कृत शिलालेख, जैन ग्रंथ, राजपूत काव्ये आणि १८४३ साली ब्रिटिश पार्लमेंटात झालेली चर्चा, असे वेगवेगळे साक्षीदार एकापुढे एक उभे करतात. त्यांतला एक साक्षीदार विलक्षण आहे. १२६४ च्या वेरावळ येथील लेखानुसार होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याला मशिदीसाठी जमीन मिळाली ती सोमनाथ पाटणच्या पंचकुलाच्या संमतीने, आणि त्या पंचकुलात पाशुपत पुरोहितही होता! स्वारीला अडीच शतकेही झाली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या चिघळत राहिलेली जखम म्हणून जी सांगितली जाते, तिची नोंद तत्कालीन संस्कृत लेखांत सापडत नाही, हा लेखिकेचा निष्कर्ष या पुराव्यांवर उभा आहे.

परंतु शिलालेख कोरवतो कोण? व्यापारी, अधिकारी, मठाधिपती. ज्याच्या घरचा माणूस स्वारीत कापला गेला त्याला शिळा परवडत नाही. कागदांचे मौन म्हणजे वेदनेचा अभाव नव्हे. येथे लेखिकेने अधिक सावध असायला हवे होते असे आमचे मत आहे, आणि हे मत आम्ही सुखासुखी मांडत नाही. कारण हाच नियम लावला तर तो सर्वांत आधी आम्हा कॅथलिकांच्या दारात येऊन उभा राहतो.

गोव्यातील इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याचा अधिकार पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज मुलखावर होता; १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली आमची वसईही त्यात आली. ते न्यायासन बंद झाल्यावर खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट केले गेले. ज्यांना शिक्षा झाल्या त्यांचा आवाज आज आपल्याला फारसा ऐकू येत नाही. मग काय म्हणायचे? कागद नाहीत म्हणून दुःखही नव्हते? सेमिनरीत आम्हांला ख्रिस्तसभेचा इतिहास तन्मयतेने शिकवला गेला, पण या प्रकरणाला तासाचा उत्तरार्ध तेवढा मिळाला आणि मग घंटा वाजली. पोप तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचा दप्तरखाना अभ्यासकांना खुला केला, १९९८ साली रोममधील इन्क्विझिशनची दप्तरे खुली झाली आणि १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. रोमने जे केले ते गावोगावच्या स्मरणिकांत मात्र अजून उतरलेले नाही. सुवर्णमहोत्सवी अंकांत आपले पूर्वज नेहमी एकतर हुतात्मे असतात किंवा दाते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज निघून गेले, भाविक इथेच राहिले. किल्ल्यातील चर्चच्या घंटा देशावरच्या मंदिरांत गेल्या असे परंपरा सांगते. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटा तर सर्वांच्या परिचयाची आहे. एकासाठी ती विजयाची खूण, दुसऱ्यासाठी गमावल्याची. पण त्या मंदिरात रोज जाणाऱ्या नाशिककराला ती केवळ आपल्या गावची घंटा आहे. थापर यांची पद्धत इथे नेमकी उपयोगी पडते. तिन्ही साक्षी लिहून घ्या, कोणालाही उठवून लावू नका.

राहता राहिला वर्तमानाचा भाग. २८ ऑगस्ट २०१८ रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात पाच कार्यकर्त्यांना अटक झाली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत छ्याऐंशी वर्षांच्या थापर अग्रभागी होत्या. महिन्याभराने बहुमताचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवले. अटकेच्या त्याच दिवशी रांचीत एका वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूंच्या खोलीची झडती झाली होती. फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. कंपवाताने हात थरथरत म्हणून तळोजा कारागृहात त्यांना नळीच्या पेल्यासाठी अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नव्हते.

त्या रविवारी मिस्सामध्ये आम्ही त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागितली. मिस्सानंतर धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ वस्त्रागारात आले आणि नम्रपणे म्हणाले, “फादर, चर्चमध्ये राजकारण कशाला?” तरुणपणी हेच गृहस्थ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागोमाग हरित वसईच्या मोर्चात चालले होते, तेव्हा पाणी आपल्या विहिरीतले जात होते. आम्ही त्यांना तसे बोलून दाखवले नाही. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत आहे, आणि भीती ही काही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. आम्ही त्यांना थापर यांचे हे छोटे पुस्तक वाचायला दिले. महिन्याभराने ते परत आले. श्रमणांच्या प्रकरणात पेन्सिलीच्या पुष्कळ खुणा होत्या. शाहीनबागेची पाने कोरी होती. पुस्तक हातात देताना त्यांनी विचारले, “ते सोमनाथावरचे तुमच्याकडे आहे का?”