तुरा: खोवलेला, रोवलेला आणि हातात दिलेला

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा शब्द दोनच अक्षरांचा आहे. तुरा. इतका ओळखीचा की त्यावर तासभर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण सुरुवात एका वाक्यापासून करू, तुम्ही ते शेकडो वेळा वाचलेलं आहे. कुणी स्पर्धा जिंकली, कुणाला पुरस्कार मिळाला, की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं: अमुक गावाच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला गेला.

रोवला? आता बघा, मराठीत रोवतात काय? खांब रोवतात, मेढ रोवतात, झेंडा रोवतात, पाय रोवतात. रोवायला जमीन लागते, जोर लागतो, आणि रोवलेली वस्तू तिथे मुक्कामाला असते. डोक्यावर हा प्रकार करायचा म्हटलं तर अवघड आहे. (हशा) तुरा खोवतात. पदर खोवतात, विळा कमरेला खोवतात, फूल केसांत खोवतात, तसाच तुरा पागोट्यात खोवतात. हे सगळं हलक्या हाताने होतं आणि काढायचं तर तितक्याच सहज निघतं.

तुम्ही म्हणाल, व्याकरणाच्या मास्तरांची ही नेहमीची तक्रार. तशी ती नाही. हा घोटाळा कसा झाला असेल ते लगेच दिसतं: लिहिणाऱ्याच्या मनात शेजारीच अटकेपारचा झेंडा उभा असतो. झेंडाही मानाचा, तुराही मानाचा, दोन्ही रणांगणावरचे, मग क्रियापदाची अदलाबदल झाली. पण खोवलेली वस्तू काढता येते, या साध्या गोष्टीत या शब्दाचा अर्धा इतिहास आहे. तुरा कुणीतरी दिलेला असे, आणि देणारा तो परतही घेऊ शके. 'रोवला' म्हटलं की हा देणारा वाक्यातून नाहीसा होतो. आज मला मुख्यतः या देणाऱ्याबद्दल बोलायचं आहे.

आधी शब्द कुठून आला ते पाहू. मूळ अरबी 'तुर्रा'. तिथे त्याचा एक अर्थ कपाळावर येणारी केसांची बट, आणि दुसरा कापडाची कड, किनार. फारसीत आल्यावर तो कवींच्या हाती लागला. प्रेयसीची कुरळी बट म्हणजे तुर्रा. म्हणजे ज्या शब्दाला आपण लष्करी थाटाचा समजतो तो शृंगारातून आलेला आहे. मग बट जशी कपाळावर रुळते तसं फेट्याचं टोक, झालर, मोत्यांचा घोस डोक्याशी रुळू लागला आणि त्यालाही तेच नाव मिळालं.

हे दोन्ही अर्थ उर्दूत बराच काळ एकत्र नांदले. गालिबची हजारो ख्वाहिशांची ती प्रसिद्ध गझल आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण तिच्यातल्या एका शेराकडे आपलं लक्ष जात नाही. त्याचा आशय असा, की तुझ्या तुर्र्याचे पेच जर उलगडले, तर तुझ्या उंचीचं गुपित फुटेल. तिथे तुर्रा म्हणजे केसांची बट घ्या किंवा फेट्याचा, चिमटा बसतोच. उंची त्या माणसाची नाही, तुऱ्याची आहे. मला हा शेर तुऱ्यावरची सगळ्यात नेमकी टीका वाटतो.

आणि सैन्याला तुरा आवडला तो याच उंचीसाठी. माणूस वीतभर उंच दिसतो, लांबून ओळखू येतो. आजही अटारी-वाघा सीमेवर संध्याकाळचा सोहळा बघा. आपल्या सीमा सुरक्षा दलाच्या जवानांच्या डोक्यावर पंख्यासारखा उभा लाल तुरा, समोर पाकिस्तानी रेंजर्सच्या डोक्यावर काळा. पाय कपाळाला लावायची दोघांची चढाओढ. शेवटी प्रश्न उंचीचाच. गालिब असता तर हसला असता.

पण दरबारात तुऱ्याचं काम वेगळं होतं. इंग्रज वकील सर टॉमस रो याने १६१६ साली अजमेरहून निघालेल्या जहांगीरचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पगडीवर बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याची पिसं, फार नाहीत, पण लांब. एका बाजूला अक्रोडाएवढं माणिक, दुसऱ्या बाजूला हिरा, मध्ये पाचू. पिसांची ती कलगी, रत्नांचा तो शिरपेच. शिरपेच म्हणजे सर आणि पेच, डोक्याभोवतीचा वेढा. या वस्तू बाजारात विकत घेऊन घालायच्या नव्हत्या. बादशहाने बहाल केल्या तर घालायच्या.

इथे एक सख्खा शब्द येतो: शिरपाव. तो शिरपेचाचा भाऊ वाटतो, पण त्याची फोड वेगळी आहे. सर-ओ-पा, डोकं आणि पाय. डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण पोशाख, म्हणजे खिलत. शिखांच्या गुरुद्वारात सन्मानाने गळ्यात घालतात त्या वस्त्राला आजही सिरोपा म्हणतात, तो हाच शब्द. खिलत घेणं म्हणजे नुसती भेट घेणं नव्हे. देणाऱ्याचं वस्त्र तुमच्या अंगावर आलं, की तुम्ही त्याचे झालात. जितका मोठा मान, तितका स्पष्ट अंमल.

मे १६६६ मधला आग्र्याचा दरबार या अंगाने पुन्हा वाचा. जयपूरच्या राजघराण्याशी संबंधित राजस्थानी पत्रांत त्या दिवसाची हकिगत आहे. शहजाद्यांना खिलत मिळाली, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंहाला मिळाली. शिवाजी महाराजांना मिळाली नाही. अपमान झाला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच्या पुढची गोष्ट मात्र आपण भरभर वाचून जातो: नंतर समजूत काढायला आलेल्यांनी खिलत देऊ केली, तेव्हा महाराजांनी ती नाकारली. आधी न मिळाल्याचा राग आणि मग मिळत असताना नकार, यात विसंगती नाही. त्या वस्त्राचा अर्थ पूर्ण समजलेल्या माणसाचं हे वागणं आहे. तेव्हा 'मानाचा तुरा' लिहिताना हा मान कुठल्या जातीचा होता, याची थोडी आठवण असावी.

ही रीत फक्त मुघलांची नव्हती. १७९८ मध्ये नाइलच्या लढाईत इंग्रज आरमाराने फ्रेंचांचा धुव्वा उडवला, तेव्हा तुर्की सुलतान तिसरा सेलीम याने नेल्सनला पगडीवर घालायचा हिऱ्यांचा तुरा पाठवला. तुर्की नाव चेलेंक. त्याला १३ किरण होते, पकडलेल्या आणि नष्ट झालेल्या जहाजांची खूण म्हणून, आणि मध्ये चावी दिली की फिरणारं हिऱ्यांचं चक्र. नेल्सन तो आपल्या टोपीवर मिरवायचा आणि लोक त्याची टर उडवायचे. १९५१ मध्ये तो ग्रिनिचच्या संग्रहालयातून चोरीला गेला, परत मिळालाच नाही. इंग्रज लोक हसले का? कारण पगडी नसलेल्या समाजात तुरा आला की तो नुसता दागिना उरतो.

युरोपाकडे स्वतःचा शब्द होताच. फ्रेंच 'पनाश'. मूळ अर्थ शिरस्त्राणावरचा पिसांचा झुबका. १५९० च्या इव्रीच्या लढाईत चौथ्या हेन्रीने माझ्या पांढऱ्या पिसांमागे या, असं सैन्याला सांगितल्याची कथा आहे. मग १८९७ मध्ये रोस्ताँचं 'सिरानो द बर्जराक' रंगभूमीवर आलं. त्या नाटकाचा शेवटचा शब्दच पनाश आहे, आणि तिथे तो पिसाचा उरलेला नाही. मरतानाही जे कुणी हिरावू शकत नाही असं काहीतरी, ऐट म्हणा, बाणा म्हणा. त्या शब्दाने पिसं टाकली आणि तो माणसाच्या आत गेला. देणाराच नाही, त्यामुळे काढून घेणाराही नाही.

आपल्या तुऱ्याने ही वाट धरली नाही. त्याची एक वाट खाली गेली. उमरावांचा फेटा आणि तुरा चोपदारांच्या, पट्टेवाल्यांच्या, हुजऱ्यांच्या डोक्यावर गेला आणि साहेब बोडक्या डोक्याने खुर्चीवर बसला. आज पंचतारांकित हॉटेलच्या दारात मोटारीचं दार उघडणारा गृहस्थ पाहा. तिथे सगळ्यात राजेशाही पोशाख त्याचाच असतो. हा विनोद कुणी मुद्दाम केला असेल असं नाही, पण रोज घडतो आहे.

दुसरी वाट मात्र फार सुंदर आहे, आणि ती शाहिरांनी काढली. कलगी-तुरा. एक आख्यायिका माळव्या-राजस्थानाकडे सांगतात: तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांचा सवाल-जवाब रंगला, चंदेरीचा राजा खूश झाला आणि त्याने आपल्या मुकुटातला तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली. इतिहास म्हणून याचा आग्रह धरू नका. गोष्ट म्हणून ती काय सांगते ते बघा. तुरा तलवारीसाठी दिला गेला नाही, उत्तरासाठी दिला गेला. आणि दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं.

आपल्याकडे हे दोन पक्षच झाले. तुरेवाले शिवाला, पुरुषाला श्रेष्ठ मानणारे. कलगीवाले शक्तीला, मायेला. भेदिक लावणीत एकाने कूट घालायचं, दुसऱ्याने ते सोडवून उलट सवाल टाकायचा. त्यासाठी पुराणं माहीत हवीत, वेदान्त थोडा पचलेला हवा, आणि पायात चाळ बांधलेल्या पोरांना उभ्या उभ्या नवी चाल देता यायला हवी. कोकणात हेच शक्ती-तुरा म्हणून जिवंत आहे. रत्नागिरीकडचे शक्तीवाले आणि तुरेवाले मुंबईच्या नाट्यगृहांत सामने करतात, आणि चाकरमानी मंडळी तिकिटं काढून येतात. तिथे देणारा राजा नाही. समोर बसलेला माणूस ठरवतो की उत्तर आलं की नाही.

या प्रथेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सवाल आला तर त्याला जवाब द्यावा लागतो. प्रतिपक्षाला शिवी घालून वेळ मारून नेता येते, नाही असं नाही, पण बसलेल्या जाणत्यांना ते कळतं. आणि आता पेपर उघडा. 'दोन नेत्यांमध्ये रंगला कलगीतुरा.' खाली वाचलं तर एकाने दुसऱ्याला काहीतरी टाकून बोललेलं असतं, दुसऱ्याने पहिल्याच्या घरातलं काहीतरी काढलेलं असतं. सवाल नाही, जवाब तर नाहीच. याला मराठीत तू-तू-मैं-मैं हा धडधडीत शब्द आहे, कळवंडणं आहे, उखाळ्यापाखाळ्या आहेत. आपण नेमका तोच शब्द उचलला ज्याच्यात वाद घालायची रीत साठवलेली होती. 'रोवला' ही चूक मी हसून सोडेन. ही सोडवत नाही. कारण इथे शब्दाबरोबर, प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं ही अपेक्षाही पातळ होते.

एक रूप राहिलं: हारतुरे. पूर्वी सत्काराला फुलांचा तुरा पागोट्यात खोवायला देत. पागोटी गेली, तुरा उरला. मग तो डोक्यावरून हातात आला. आता तर त्याला बुके म्हणतात, आणि सत्कारमूर्ती तो घेऊन लगेच मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हाती देते. निमंत्रणपत्रिकेवर खाली छापलेलं असतं, 'हारतुरे नकोत'.

आणि शेतकऱ्याला विचाराल, तर त्याच्या लेखी तुरा म्हणजे मान नव्हेच. मक्याला तुरा यावा, ठीक. पण उभ्या उसाला तुरा आला आणि कारखान्याची तोड लांबली, की त्याच्या पोटात गोळा येतो. वाढ थांबते, ऊस आतून पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. लांबून रान मात्र पांढऱ्या तुऱ्यांनी देखणं दिसतं, लोक गाडी थांबवून फोटो काढतात.

वेळ झाली आहे, थांबतो. कलगीवाल्यांपैकी कुणी आलं असेल तर पहिला सवाल त्यांचा.