भद्दवग्गीयांनी काय शोधले?

विनयपिटकाच्या महावग्गात भद्दवग्गीय तरुणांची कथा आहे. तीस मित्र आपापल्या पत्नींसह वनात क्रीडेसाठी गेले. एकास पत्नी नव्हती. त्याच्यासाठी आणलेली गणिका सर्वांच्या वस्तू घेऊन पळाली. तिच्या शोधात फिरत ते भगवंतांपाशी आले. भगवंतांनी त्यांना विचारले : स्त्रीचा शोध घेणे श्रेयस्कर, की ‘अत्तानं’ शोधणे?

आनंद कुमारस्वामी यांनी ‘हिंदुइझम अँड बुद्धिझम’ (१९४३) या ग्रंथात या ‘अत्तानं’चा अर्थ उपनिषदांतील आत्मा असा घेतला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पाच स्कंध आत्मा नव्हेत, एवढेच बुद्धांनी सांगितले. त्यांपलीकडील आत्मा नाकारला नाही, अशी या मताची मांडणी आहे. कुमारस्वामींचा व्यासंग आम्हांस आदरणीय आहे. तथापि हा अर्थ मूळ पाठावर टिकत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम व्याकरण पाहू. संबोधन तीस जणांना आहे. ‘अत्तानं’ मात्र एकवचनी आहे. यावरून सर्वांतर्यामी एकच आत्मा सुचविला आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पाली भाषेत ‘अत्ता’ हा शब्द ‘स्वतः’ या अर्थी येतो, तेव्हा कर्ता एक असो वा अनेक, स्त्री असो वा पुरुष, तो सामान्यतः पुल्लिंगी एकवचनातच राहतो. मराठीतही ‘तो स्वतः आला’ आणि ‘त्या स्वतः आल्या’ यांत ‘स्वतः’ बदलत नाही. त्यावरून कोणी तत्त्वज्ञान काढीत नाही.

दुसरे प्रमाण कथेतच आहे. त्या तरुणांना भगवंतांनी दान, शील, कामभोगांचे दोष व नैष्क्रम्याचे लाभ क्रमाने सांगितले आणि नंतर चार आर्यसत्ये सांगितली. त्यातून त्यांना जे धम्मचक्षू लाभले, त्याचा आशय एवढाच की, जे उत्पन्न होते ते निरोध पावते. आत्मा शोधावयास सांगितले असते, तर तो सापडल्याचा उल्लेख येथे यावयास हवा होता. तो नाही. शिवाय याच महावग्गात, या कथेच्या आधी, इसिपतनात पंचवग्गीय भिक्खूंना अनात्मलक्षणाचा उपदेश झालेला आहे.

मग स्वतःचा शोध म्हणजे काय? वस्तू गेल्या तेव्हा क्रोध कोठून उठला, ‘माझे’ ही पकड कशी घडली व कशी सुटते, हे पाहणे. या शोधास शोधणारा नित्य आत्मा लागत नाही. जागरूक स्मृती लागते. अनात्मवादाने आत्मज्ञान व्यर्थ ठरते, ही समजूतही म्हणूनच चुकीची आहे.

धम्मपदाच्या बाराव्या, दहा गाथांच्या अत्तवग्गाचे मराठी भाषांतर करताना हा विवेक विशेष अगत्याचा आहे. विहारात गाथा म्हणणाऱ्या उपासकापुढे ‘आत्मा’ हा शब्द ठेवला, तर बुद्धांनी नाकारलेली कल्पना बुद्धवचनाच्याच नावाने त्याच्या मनात रुजते. ‘स्वतः’ हा साधा शब्द तेथे पुरेसा आहे. आणि स्वतःच्या कर्माचे उत्तरदायित्वही तोच उपासकावर ठेवतो.