वामनाचं पाऊल पडद्यावर का पडत नाही?

मे 2025 मध्ये जयंत नारळीकर गेले. कोल्हापूरनं आपल्या मातीत जन्मलेला शास्त्रज्ञ म्हणून त्यांची आठवण काढली. सोबत एक जुनी हळहळही पुन्हा निघाली: त्यांच्या विज्ञान कादंबऱ्यांवर सिनेमा व्हायला हवा होता, पण मराठीत एवढा पैसा आणायचा कुठून? ही सबब आता ऐकवत नाही.

'कल्की 2898 एडी'नंतर तर ती जास्तच बळावली आहे. त्या सिनेमानं डोळे दिपतात. भविष्याविषयीचा एकही प्रश्न मनात उरत नाही. 'झोंबिवली'नं झोंबी डोंबिवलीत आणले, करमणूक केली, तिथंच विषय संपला.

याउलट नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी उघडून पाहावी. खोदकामात एका प्राचीन, प्रगत संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ वामन नावाचा एक यंत्रमानव घडवतात. तो हुशार आहे, आज्ञाधारक आहे, आणि त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवे आहेत. बटू दिसणाऱ्याला तीन पावलं जमीन देऊ करणाऱ्या बळीची गोष्ट घराघरांत माहीत असलेल्या समाजाला याहून वेगळं काय समजावून सांगायचं? यंत्राला किती मुभा द्यावी, हा आजचा वाद नारळीकरांनी 1980च्या दशकातच मांडला होता. आणि खर्च कशाचा? एक खड्डा, एक पेटी, एक प्रयोगशाळा आणि बंद दाराआड भांडणारी चार माणसं.

नारळीकरांची पात्रं पुष्कळदा व्याख्यान देतात, हे खरं. पण पटकथाकार लागतो तो त्याचसाठी. स्ट्रुगात्स्की बंधूंनी दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'स्टॉकर' या सिनेमाची पटकथा लिहिताना आपल्याच कादंबरीचा बराचसा भाग टाकून दिला. तारकोव्हस्कीनं परग्रहवासी दाखवलेच नाहीत. गवत, साचलेलं पाणी, पडक्या भिंती आणि पुढचं पाऊल टाकायला कचरणारे तिघे, एवढ्यावर त्यानं प्रेक्षकाला धाक घातला. आपल्याकडे आरती कडव यांनी 'कार्गो'त राक्षसाला अंतराळयानात कारकुनासारखं बसवलं. मेलेली माणसं येतात, त्यांच्या स्मृती पुसून त्यांना पुढच्या जन्माला धाडलं जातं. पुराणातली कल्पना आणि कचेरीतला कंटाळा यांतून तो सिनेमा उभा राहतो. तो मराठीत व्हायला हवा होता, झाला हिंदीत.

मराठी पडद्याला रूपांतर येत नाही, असंही नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश'साठी ना. ह. आपट्यांची कथा घेतली. पुढं मास्टर विनायकांसाठी वि. स. खांडेकरांनी 'छाया' लिहिला. 1932 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीनं 'माया मच्छिंद्र'चे चमत्कार याच गावात चित्रित केले, तेव्हा कुणी परदेशी स्टुडिओची वाट पाहत बसलं नव्हतं. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी 1979च्या 'सिंहासन'ची पटकथा बांधली. त्यात कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री बैठकांत, फोनवर, बंद खोल्यांत राज्य राखतो. एवढी पात्रं, एवढे डाव प्रेक्षकाला कळले. मग त्याच साधूंची विज्ञान कादंबरी 'विप्लवा' त्याला कळणार नाही, हे ठरवलं कुणी? नारायण धारपांचं भय छोट्या पडद्यानं उचललं, 'ग्रहण' मालिका केली. त्यांची विज्ञान कादंबरी 'नेनचिम' मात्र कपाटातच राहिली. भोपाळच्या वायुकांडाची धग असलेली सुबोध जावडेकरांची 'आकांत' ही कादंबरी तर यंत्रमानवही मागत नाही, यानही मागत नाही.

म्हणजे अडलंय ते वाचनापाशी. संगणकी दृश्यांचा खर्च आधी काढायचा आणि गोष्ट मागाहून शोधायची, हा उलटा व्यवहार निर्मात्यांनी थांबवावा. एका कादंबरीचे हक्क घ्यावेत, पटकथाकाराला वर्षभराचे पैसे द्यावेत, कादंबरीतली व्याख्यानं कापण्याची मोकळीक द्यावी. कोल्हापूरच्या चित्रनगरीत एक प्रयोगशाळा उभारावी आणि वामनाला पहिला प्रश्न विचारू द्यावा.